पडलेल्या यशिकाचा फोकस अडतोय? तेल घालण्याआधी हे तपासा

पडलेला कॅमेरा उचलला की हात आपोआप फोकसच्या नॉबकडे जातो. नॉब फिरतो, पण आधीसारखा नाही. मध्येच जड होतो, कुठेतरी कर्रकर्र करतो, एका जागी अडतो. अशा वेळी जोर लावून पुढे ढकलावं किंवा फटीतून तेलाचे दोन थेंब सोडावेत असं वाटतं. दोन्ही टाळा. तिरक्या झालेल्या भागावर जोर दिला की तो आणखी वाकतो. तेल तर हळूहळू शटरच्या पात्यांपर्यंत पोचतं आणि मग एकाऐवजी दोन दुरुस्त्या मागे लागतात.

खरं म्हणजे नॉब किती मऊ फिरतो याची चिंता नंतरची. या कॅमेऱ्याला एकावर एक अशा दोन लेन्स असतात, वरची बघायला आणि खालची फोटो घ्यायला. आधी बघायचं ते हे: लेन्सची पाटी फिल्मला अजून समांतर आहे का, आणि वरची लेन्स डोळ्याला जे स्पष्ट दाखवते तेच खालची लेन्स फिल्मवर स्पष्ट उतरवते का. नॉब जड असूनही फोकस खरा असेल तर त्या कॅमेऱ्यावर वर्षानुवर्षं काम करता येतं. नॉब छान फिरतोय पण फोकस खोटा आहे, असा कॅमेरा मात्र दर रोलला फसवतो, आणि ते कळतं फिल्म धुवून आल्यावर.

हा लेख यशिका मॅट १२४ जी समोर ठेवून लिहिला आहे. १९७० ते १९८६ या काळात बनलेला हा जपानी ट्विन लेन्स कॅमेरा जुन्या स्टुडिओंच्या कपाटांतून आजही निघतो, आणि मीडियम फॉरमॅटकडे वळणाऱ्या अनेकांचा पहिला कॅमेरा हाच असतो. वर बघायची ८० मिलिमीटर एफ २.८ लेन्स, खाली फोटो घेणारी ८० मिलिमीटर एफ ३.५, आणि १२० च्या रोलवर सहा बाय सहाच्या बारा फ्रेम. रोलायकॉर्ड, सीगल किंवा जुनी यशिका असेल तरी तपासणीची रीत हीच. मामिया, हॅसलब्लाड, पेंटॅक्स ६७ वाल्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

आत नेमकं काय हलतं

ट्विन लेन्स कॅमेऱ्यात दोन्ही लेन्स एकाच पाटीवर बसवलेल्या असतात. वरची लेन्स आरशातून वरच्या दुधी स्क्रीनवर चित्र दाखवते, खालची फिल्मवर उतरवते. डावीकडचा नॉब फिरवला की ती अख्खी पाटी पुढे-मागे सरकते. अनंतापासून एक मीटरपर्यंत यायला ८० मिलिमीटरची लेन्स जेमतेम सात मिलिमीटर पुढे येते. सगळा खेळ या सात मिलिमीटरचा आहे.

आता चूक किती चालते ते बघू. एफ ३.५ वर फिल्मपाशी साधारण ०.१७ मिलिमीटर पुढे किंवा मागे एवढी सूट मिळते. समजा पडल्यामुळे वरच्या आणि खालच्या लेन्सच्या जागेत ०.३ मिलिमीटरचा फरक पडला. म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीइतका. नुसत्या डोळ्यांना तो दिसणारही नाही. पण स्क्रीनवर दोन मीटरवरच्या माणसाचे डोळे स्पष्ट दिसत असताना फिल्मवरचा फोकस १.८४ मीटरवर पडेल, म्हणजे सोळा सेंटीमीटर अलीकडे. त्या अंतरावर एफ ३.५ ला मिळणारी फोकसची खोली दोन्ही बाजूंना जेमतेम अकरा सेंटीमीटर. डोळे गेले. लांबच्या डोंगराचंही तेच: स्क्रीनवर अनंत, फिल्मवर एकवीस मीटर.

पाटी कुठल्या बाजूने तिरकी झाली यावर रोगाची लक्षणं ठरतात. डावी-उजवी तिरकी झाली तर फ्रेमची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी मऊ येते, आणि दोन्ही लेन्स सारख्याच तिरक्या झाल्यामुळे ते स्क्रीनवरही दिसू शकतं. वर-खाली तिरकी झाली तर दोन लेन्समध्येच फूट पडते, आणि ते स्क्रीन तुम्हाला कधीच सांगत नाही. वरची कड आपटून आत गेली असेल तर वरची लेन्स स्क्रीनच्या जवळ जाते. मग स्क्रीनवर स्पष्ट दिसावं म्हणून तुम्ही नॉब जास्त फिरवता, खालची लेन्स गरजेपेक्षा पुढे येते, आणि फिल्मवर जवळचं स्पष्ट उमटतं. खालची कड आत गेली तर उलट: फोकस माणसाच्या मागच्या भिंतीवर. कॅमेरा कशावर पडला हे आठवत असेल तर लिहून ठेवा, या हिशेबाला ते उपयोगी पडतं.

उचलल्यावर लगेच

आत रोल असेल तर मागचं झाकण उघडू नका. रोल शेवटपर्यंत गुंडाळून बाहेर काढा, त्यातले फोटो बहुधा वाचलेले असतात. नंतर कॅमेरा कानाजवळ धरून हळूच हलवा. आत काही खुळखुळलं तर एखादा स्क्रू सुटला आहे किंवा काचेचा तुकडा फिरतोय. तो तुकडा बाहेर येईपर्यंत नॉबला हात लावू नका. कर्रकर्र आवाजाचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं, आणि नॉब फिरवत राहिलात तर तोच तुकडा सरकत्या भागांवर ओरखडे पाडतो.

आणखी एक गोष्ट आठवून बघा: पडण्याआधी नॉब कसा फिरायचा? चाळीस-पन्नास वर्षांच्या कॅमेऱ्यात ग्रीस सुकून घट्ट झालेलं असणं अगदी नेहमीचं. कॅमेरा पडला तेव्हा पहिल्यांदा लक्ष गेलं, पण जडपणा जुनाच, असंही होतं. नुकताच विकत घेतलेला कॅमेरा असेल तर विकणाऱ्याच्या ‘थोडा टाइट आहे फक्त’ या वाक्यावर विसंबू नका. पोचे शोधा. बघायच्या झाकणाचे कोपरे, लेन्सभोवतीच्या फिल्टर बसवायच्या कडा आणि नॉबची कड या तीन जागा सहसा सगळं सांगतात.

हाताला काय लागतं

नॉब अनंतावर नेऊन तिथून अगदी हळू, दोन बोटांनी फिरवा. जिथे अडेल तिथे थांबा, ढकलू नका. अडलेल्या जागेचं नॉबवरचं अंतर टिपून ठेवा आणि परत फिरवताना ती जागा तीच आहे का ते बघा.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा जड असेल तर दोष बहुधा ग्रीसचा, पडण्याचा नाही. नॉबच्या एका ठरावीक जागीच अडत असेल, तर नॉब बाजूच्या पत्र्याला घासतोय किंवा त्याचा दांडा वाकला आहे. पाटी पुढे येईल तसा जडपणा वाढत जात असेल, तर पाटी तिरकी सरकते आहे. हे जरा गंभीर. रवाळ, वाळूसारखं लागलं तर आत कचरा. सगळ्यात फसवी स्थिती म्हणजे ढिलाई: नॉब थोडा फिरतो पण पाटी हलतच नाही, मग एकदम हलते. तिथे बहुधा एखादा स्क्रू ढिला झालेला असतो आणि दुरुस्ती सोपी असते. पण ती होईपर्यंत नॉबवरच्या अंतराच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

शेवटी पाटीचे वरचे दोन कोपरे आणि मग खालचे दोन कोपरे हलकेच दाबून बघा. चारही सारखेच घट्ट लागायला हवेत. खालच्या लेन्सची कडीसुद्धा दोन बोटांत धरून बघा. ती डुगडुगत असेल तर शटरला मागून धरून ठेवणारी कडी सुटली असण्याची शक्यता आहे.

कागदाची पट्टी, मग व्हर्निअर

नॉब आणि कॅमेऱ्याच्या अंगामधल्या फटीत साध्या कागदाची अरुंद पट्टी घाला आणि ती सैल धरून नॉब पूर्ण फिरवा. पट्टी सगळीकडे सारखी सरकली तर नॉब निर्दोष. एका जागी चिमटली तर दोन शक्यता उरतात. चिमटा नॉबबरोबर फिरत असेल तर नॉब किंवा दांडा वाकलेला. चिमटा कायम एकाच बाजूला, समजा खालीच, राहत असेल तर तिथे पत्र्याला पोचा आला आहे. काहीही न उघडता एवढं निदान होतं, म्हणून ही चाचणी मला फार आवडते.

पाटीसाठी व्हर्निअर कॅलिपर हवा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधाही चालेल. पाटी पूर्ण पुढे आणा आणि पाटीची मागची कड ते कॅमेऱ्याचं अंग हे अंतर चारही कोपऱ्यांना मोजा. प्रत्येक कोपरा निदान तीनदा, कारण हात हलतो. मग पाटी अर्ध्यावर आणून पुन्हा मोजा. आकड्यांकडे बघताना एक पथ्य पाळा: बाहेरचा पत्रा दिसण्यासाठी बसवलेला असतो, तो अचूक मापाचा असेलच असं नाही. त्यामुळे चार आकडे तंतोतंत सारखे नसले म्हणून घाबरू नका. बघायचं ते हे की फरक दोन्ही जागी तेवढाच राहतो की बदलतो. पूर्ण पुढे असताना उजवा खालचा कोपरा ०.४ ने जास्त आणि अर्ध्यावर ०.१ ने, असं काही आलं तर पाटी सरळ रेषेत सरकत नाही. ते घरी होणारं काम नव्हे. फरक दोन्हीकडे सारखा असेल तर पुढच्या चाचणीकडे चला. खरा निकाल तिथेच लागतो.

दुधी काच: खरी परीक्षा

फिल्म जिथे असते तिथे दुधी काच ठेवायची आणि खालची लेन्स त्यावर काय उतरवते ते भिंगाने बघायचं, एवढीच कल्पना. पण काच कुठे टेकवायची यात बहुतेक नवशिके चुकतात.

मागचं झाकण उघडलंत की फ्रेमच्या डाव्या-उजव्या बाजूला उभ्या पट्ट्यांच्या दोन जोड्या दिसतील. आतली जोडी थोडी खोल, बाहेरची थोडी उंच. फिल्म आतल्या पट्ट्यांवर टेकते. बाहेरच्या पट्ट्यांवर मागची दाबपट्टी टेकते, आणि मधल्या जागेत फिल्म व तिचा कागद मावतो. काच बाहेरच्या पट्ट्यांवर ठेवली तर ती फिल्मच्या मागे पडते, आणि चांगल्या कॅमेऱ्यातही दोष दिसायला लागतो. म्हणून काच बाहेरच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये बसेल एवढीच रुंद हवी. १२० फिल्म साधारण साडेएकसष्ट मिलिमीटर रुंद असते, काच साठच्या आसपास ठेवा. वर-खाली रोलर असतात, त्यांनाही ती टेकता कामा नये. आधी पुठ्ठ्याचा तुकडा कापून बसवून बघा आणि तो घेऊन फोटो-फ्रेमच्या दुकानात जा. दोन मिलिमीटरची काच त्या मापात कापून देतात. कडा पॉलिश पेपरवर घासून घ्या, बोटं आणि पट्ट्या दोन्ही वाचतील.

काचेला दुधी करायला खरखरीत, अर्धपारदर्शक सेलोटेप पुरते. चकचकीत नको, ज्यावर पेनाने लिहिता येतं ती मॅट. एकच थर, सुरकुती न पाडता, आणि टेपची बाजू लेन्सकडे. टेपचा खरखरीत पृष्ठभाग थेट आतल्या पट्ट्यांवर टेकतो, म्हणजे प्रतिमा अगदी फिल्मच्या जागी पडते. काचेला मागून दोन रबरबँड लावले की ती हलत नाही.

आता कॅमेरा ट्रायपॉडवर. ॲपर्चर एफ ३.५, शटर ‘बी’ वर, आणि केबल रिलीजने ते उघडं अडकवून ठेवा. डोक्यावरून काळं कापड घ्या. भिंग नसेल तर पस्तीस एमएम कॅमेऱ्याची ५० मिलिमीटरची लेन्स उलटी धरा, पाचपट मोठं दिसतं.

पहिला नेम अनंताचा. शंभर मीटरवरचं झाड म्हणजे अनंत नव्हे. निदान अर्धा किलोमीटर लांबची, कडा ठळक असलेली वस्तू घ्या: मोबाइलचा टॉवर, पाण्याची टाकी, किंवा पुण्यात गच्ची असेल तर स्वच्छ दिवशी दिसणारा सिंहगडावरचा टॉवर. सकाळची वेळ बरी, दुपारच्या उन्हात हवा थरथरते आणि काहीच नीट स्पष्ट होत नाही. नॉब अनंताच्या टोकाला नेऊन काचेवर बघा. मधोमध स्पष्ट आहे का? चारही कोपरे सारखे आहेत का? नंतर काच न हलवता वरच्या स्क्रीनवर, तिथल्या भिंगातून, तीच वस्तू बघा.

दुसरा नेम जवळचा. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा आणि कॅमेरा दीड-दोन मीटरवर ठेवा. आता वरच्या स्क्रीनवर फोकस करा, नॉबला हात न लावता मागच्या काचेवर बघा. मग उलट करा: काचेवर अक्षरं स्पष्ट करा आणि स्क्रीनवर काय दिसतं ते बघा. दोन्ही वेळा नॉब कुठल्या आकड्यावर आला ते लिहा. वर्तमानपत्राच्या एका कडेची अक्षरं स्पष्ट आणि दुसऱ्या कडेची पुसट दिसली, तर आधी कॅमेरा भिंतीसमोर सरळ आहे का ते तपासा. काचेवर चित्र उलटं दिसणार, त्यात गोंधळू नका.

आता नॉबचा आकडा, स्क्रीन आणि फिल्मची जागा असे तीन साक्षीदार तुमच्याकडे आहेत. मोजपट्टीने मोजलेलं अंतर, नॉबचा आकडा आणि मागची काच जुळतात पण स्क्रीन वेगळंच सांगते, तर दोष वर आहे: स्क्रीन, आरसा किंवा वरची लेन्स. आकडा आणि स्क्रीन जुळतात पण काच जुळत नाही, तर खालची लेन्स किंवा शटर हललं आहे. स्क्रीन आणि काच जुळतात, आकडाच चुकतो, तर नॉब दांड्यावर सरकला आहे. हा तिसरा दोष दिसायला मोठा वाटतो पण सगळ्यात निरुपद्रवी, कारण फोटो बिघडत नाहीत. तिघांचीही तोंडं तीन दिशांना असतील, तर पाटी वाकली आहे असं धरून चाला.

घरात डिजिटल कॅमेरा आणि शंभर मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्स असेल तर आणखी नेमकी एक रीत आहे. डिजिटल कॅमेरा खरोखर लांबच्या वस्तूवर लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करा, मॅन्युअलवर टाका आणि फोकसची कडी टेपने चिकटवून टाका. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भरवसा नको. यशिकाच्या मागच्या काचेवर पेन्सिलने बारीक फुली काढा, तिच्यामागे टॉर्च लावा, नॉब अनंतावर न्या आणि डिजिटल कॅमेरा थेट खालच्या लेन्समध्ये डोकावेल असा समोर ठेवा. फुली स्पष्ट दिसली तर खालच्या लेन्सचा अनंत बरोबर. मग तोच कॅमेरा वरच्या लेन्ससमोर आणा, टॉर्च वरून स्क्रीनवर मारा. स्क्रीनवरच्या रेघा किंवा खरखरीतपणा तितकाच स्पष्ट दिसायला हवा. ढग असोत, रात्र असो, ही चाचणी खोलीत बसून होते.

घरी करण्यासारखं

स्क्रू उघडण्याआधी एक खरेदी करा. जपानी कॅमेऱ्यांचे अधिकच्या खुणेचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात. साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, आणि जोर दिला की खाच गोल होते. गोल झालेला स्क्रू काढायला मग मेकॅनिक वेगळे पैसे घेतो, आणि ते योग्यच आहे.

कचरा असेल तर ब्लोअर आणि मऊ ब्रश. पाटी पूर्ण पुढे आणून कॅमेरा तोंड खाली करून धरा आणि फटीत हवा मारा, म्हणजे सुटलेलं खाली पडेल, आत जाणार नाही. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण आरशावर जातात.

नॉब घासत असेल तर तो काढून पत्रा किंचित सरळ करता येतो. काढण्याआधी अनंताच्या टोकाला नॉब कसा बसला आहे त्याचा समोरून फोटो घ्या आणि पेन्सिलने एक रेघ नॉबवरून अंगावर ओढा. परत बसवताना रेघ जुळली नाही तर सगळे आकडे सरकतील. दांडा वाकलेला निघाला तर तिथेच थांबा, पक्कडने सरळ करायला जाऊ नका.

स्क्रीन हललेली असेल तर बघायचं झाकण चार स्क्रू काढून वर उचलता येतं. स्क्रीनची कुठली बाजू वर होती ते आधी टिपा. ती प्लॅस्टिकची असते, तिला स्पिरिट लावू नका. खालचा आरसा पुढच्या पृष्ठभागावर मुलामा दिलेला असतो, म्हणजे आपण ज्याला पुसायला जातो तोच मुलामा. त्यावर फक्त हवा मारायची. आरसा त्याच्या पकडीतून एका कोपऱ्यात सुटला असेल तर तो परत बसवणं हे या सगळ्यातलं सगळ्यात समाधानाचं काम, कारण पाच मिनिटांत फोकस जुळतो. १२४ जी मध्ये लाइट मीटर आहे, त्याच्या बारीक तारांना धक्का लावू नका.

ग्रीसबद्दल थोडक्यात: दिसणाऱ्या सरकत्या भागावरचं जुनं, मातकट ग्रीस कापसाच्या काडीने पुसा आणि काडीच्या टोकावर मावेल एवढंच नवं लावा. गंज सोडवायचे स्प्रे कॅमेऱ्याच्या खोलीतसुद्धा ठेवू नका.

घरी करू नये अशी यादी छोटी आहे. पुढचं चामडं सोलून पाटी उघडणं, हाताने पाटी दाबून ‘सरळ’ करणं, आणि वरची लेन्स फिरवून तिची गाठ खालच्या लेन्सशी घालणं. शेवटचा मोह फार होतो, कारण वरच्या लेन्सची जागा जुळवता येते हे खरं आहे. पण त्याचा क्रम ठरलेला आहे: आधी पाटी समांतर, मग खालची लेन्स फिल्मशी, आणि सगळ्यात शेवटी वरची लेन्स स्क्रीनशी. पाटी तिरकी ठेवून वरची लेन्स जुळवली तर एका अंतराला फोकस जुळेल आणि दुसऱ्याला सुटेल.

एक रोल चाचणीला

काच सगळं ठीक म्हणाली तरी एक रोल खर्च करा, कारण काच सपाट असते आणि फिल्म दाबपट्टीवर अवलंबून. दाबपट्टीवर १२० आणि २२० या दोन प्रकारच्या रोलसाठी दोन जागा आहेत, ती १२० वरच आहे ना ते बघा. पडल्यावर किंवा कुणाच्या खेळण्यात ती सरकलेली असते. सगळ्या फ्रेम ट्रायपॉडवर, केबल रिलीजने, एफ ३.५ वर. इथे एक अडचण येते: १०० आयएसओची फिल्म भर उन्हात एफ ३.५ वर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास शटर मागते, आणि यशिका पाचशेव्या भागावर थांबतो. म्हणून सावलीत किंवा संध्याकाळी करा.

जमिनीवर मोजपट्टी तिरकी ठेवून एका ठळक आकड्यावर फोकस करा, एकदा एक मीटरवर आणि एकदा दोन मीटरवर. दोन-तीन फ्रेम वर्तमानपत्राच्या भिंतीच्या, दोन अनंताच्या. एक अनंताची फ्रेम स्क्रीन बघून आणि एक स्क्रीन न बघता नॉब टोकाला नेऊन. प्रत्येक फ्रेमची नोंद वहीत करा, कारण निगेटिव्हवर ही माहिती उमटत नाही. धुवून आल्यावर निगेटिव्ह भिंगाखाली बघा. मोबाइलने काढलेल्या निगेटिव्हच्या फोटोवरून निकाल देऊ नका. मोजपट्टीवर स्पष्ट आकडा अलीकडचा आला की पलीकडचा, हे वर सांगितलेल्या हिशेबाशी ताडून बघा.

दुरुस्ती लांबणार असेल आणि कॅमेरा वापरायचाच असेल, तर एफ ८ ते एफ ११ वर काढा. एफ ११ ला फिल्मपाशी सूट ०.५५ मिलिमीटर होते, आणि आपला ०.३ चा दोष त्यात झाकला जातो. उन्हातल्या रस्त्यांचे, देवळांचे फोटो निर्धास्त येतील. पोर्ट्रेट तेवढी राहू द्या.

कॅमेरा दुसरा असेल तर

हॅसलब्लाड, पेंटॅक्स ६७, पेंटाकॉन सिक्स यांत फोकस लेन्सच्या आतल्या आट्यांवर चालतो. त्यामुळे पहिलं काम दुसरी लेन्स लावून बघणं. दुसरी लेन्स मऊ फिरली तर कॅमेरा सुटला, दोष लेन्समध्ये. लेन्सची पुढची कड चेपली असेल तर आटे लंबगोल झालेले असू शकतात, आणि लंबगोल आट्यांना कुठलंच ग्रीस गोल करत नाही. हे आटे खुणा न करता पूर्ण सोडवले तर परत योग्य जागी बसवणं फार कठीण, कारण ते एकाहून अधिक जागी सुरू होतात.

मामिया आरबी ६७ आणि सी ३३० मध्ये फोकस दातेरी पट्टी आणि भात्यावर चालतो. आरबी मध्ये फोकस अडवून ठेवणारा खटका आहे, तो लागलेला नाही ना हे आधी बघा. अनेकांचा ‘जाम’ झालेला फोकस तिथेच सुटतो. नंतर दोन्ही बाजूंची पट्टी सारखी पुढे येते का ते व्हर्निअरने मोजा. मामिया ७ सारख्या रेंजफाइंडरमध्ये नॉब नाही, लेन्सही बहुधा ठीक असते, पण धक्क्याने रेंजफाइंडरची दुहेरी प्रतिमा सरकते. अनंतावर दोन प्रतिमा जुळत नाहीत किंवा एक वर एक खाली दिसते, ते काम मेकॅनिकचं.

मेकॅनिककडे जाताना

मुंबईत फोर्टातला बोरा बाजार कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी ओळखला जातो, शोध तिथून सुरू करता येईल. इतर शहरांत जुन्या स्टुडिओवाल्यांना विचारा, फिल्मवर काम केलेला माणूस त्यांना माहीत असतो. आधी विचारा की ट्विन लेन्स उघडलेला आहे का, आणि फिल्मच्या जागी काच लावून तपासता का. दुसऱ्या प्रश्नावर कोरा चेहरा दिसला तर आभार मानून निघा.

‘नॉब जड आहे, मोकळा करून द्या’ असं म्हणू नका. तसं म्हटलंत तर तो मोकळा करूनच देईल. त्याऐवजी तुमची वही दाखवा: चार कोपऱ्यांची मापं, अनंताला काय दिसलं, दोन मीटरला किती सरकलं, कॅमेरा कशावर पडला. पाटी समांतर करून मग दोन्ही लेन्स जुळवायच्या आहेत असं स्पष्ट सांगा, आणि खर्चाचा आकडा काम सुरू होण्याआधी घ्या. यशिकाचा सरकता सांगाडाच वाकला असेल तर शटर मेलेला, पण अंगाने धड असा दुसरा यशिका सुट्या भागांसाठी घेणं बहुधा स्वस्त पडतं. रोलायफ्लेक्स किंवा हॅसलब्लाड असेल तर मात्र तोच कॅमेरा नीट करून घ्या, जरा महाग पडलं तरी.

काच आणि भिंग बरोबर घेऊन जा. कॅमेरा परत मिळाला की दुकानाच्या दारातच, समोरच्या इमारतीच्या पाटीवर आणि मग दोन मीटरवरच्या कशावरही, स्क्रीन आणि काच जुळतात का ते बघा. चांगला मेकॅनिक याचा राग मानत नाही, तोच भिंग मागून घेऊन बघतो.